जाळी पडायला हवी

मेंगडे गिरणीवाला विचारतो, "काकू, भाकरीचं की आंबिलीचं?"
मी म्हणते, दोन्ही नाही, त्याहून बारीक.
तो चाक आवळतो, आणि कर्वेनगरच्या त्या बोळात
नाचणीचा धुरळा माझ्या चष्म्यावर बसतो.
त्याला कसं सांगू, मला खरं तर तेफ हवाय,
खसखशीएवढा दाणा,
मुठीतून निसटला तर परत न सापडणारा.
भोरी आळीत विचारून आले.
"टेप? स्टेशनरीत बघा."

सहा वर्षं शिकवलं मी देब्रे मार्कोसच्या शाळेत,
गणित, आठवी ते दहावी.
वर्गात सत्तर पोरं, पुस्तकं अकरा,
खडू सर्दाळला की चुलीशी वाळवायचा.
जाताना दोन स्वेटर नेले होते
आणि आईनं दिलेला मेतकुटाचा डबा.
मेतकूट फेब्रुवारीत संपलं.

मग झेनेबेचबाईंनी, माझ्या घरमालकिणीनं,
वाटीत शिरो वाढला.
मी बोट बुडवलं, चाटलं, आणि हसतच सुटले:
अहो, हे तर पिठलं!
तिखट निराळं, रंग विटेचा, पण पिठलंच,
गुठळी मोडायची तीच घाई,
तळाला धरलेली तीच खरपुडी.
"पिठलं," मी म्हटलं. "शिरो," त्या म्हणाल्या.
आमच्याकडचा शिरा गोड असतो,
एवढं सांगण्याइतकी अमहारिक
मला तिसऱ्या वर्षी आली.

बुधवारी, शुक्रवारी गाव उपास धरी. त्सोम.
मांस नाही, दूध नाही, अंडं नाही.
मी मांस खातच नाही, हे समजावून दमले
तेव्हा हॉटेलात म्हणू लागले, माझा त्सोम आहे.
सोमवारी त्सोम. मंगळवारी त्सोम.
ईस्टरला सगळं गाव कोंबडीवर तुटून पडलेलं,
तेव्हाही माझा त्सोम.
वाढपी अदबीनं उभा राही, म्हाताऱ्या वाकून बघत.
एवढी पुण्यवान मी पुण्यात कधीच नव्हते.
संकष्टीला मात्र डाळ-कांदा पोटभर खाई,
चंद्राची वाट न बघता.

हे सगळं झाकून ठेवलं होतं, डब्यात पीठ ठेवावं तसं.
मागच्या महिन्यात गणेशखिंडीच्या स्टॉपवर
एक उंच पोरगा तळहातावर सुट्टे मोजत होता:
अंद, हुलेत, सोस्त...
माझ्या तोंडून निघून गेलं, अरात, अमिस्त.
त्यानं आधी स्टॉपच्या पत्र्याकडे पाहिलं.
मग माझ्याकडे.

हब्तामु. विद्यापीठात मातीवर संशोधन करतो,
सांगवीत चौघांत एक खोली,
मेसच्या पोळीला रुमाल म्हणतो.
म्हटलं, रविवारी ये.

डिसेंबरात पुण्यात पीठ लवकर आंबत नाही.
डबा फ्रिजच्या डोक्यावर ठेवला, वर शाल घातली,
रात्री दोनदा उठून वास घेतला.
तिसऱ्या दिवशी एक बुडबुडा आला, लाजत.

तिथे जाळीला डोळे म्हणतात.
जितके डोळे, तितकी बाई हाताची.
माझ्या घावनाला आले होते थोडेच,
तेही झोपाळू.
त्यानं पहिला तुकडा खाल्ला, बराच वेळ चावला,
म्हणाला, "तीचर, प्रयत्न चांगला आहे."
हे वाक्य मी सत्तर वह्यांवर लिहिलंय,
त्याचा अर्थ मला ठाऊक आहे.

पण ठेचा बघून त्याचे डोळे उघडले.
चार घावनं गेली, ठेच्याची वाटी पुसून झाली,
आणखी वाढला.
मग त्यानं एक घास नीट गुंडाळला
आणि सरळ माझ्या तोंडासमोर धरला.

मी मागे सरकले. हात आपोआप ओठांवर गेला.
नाव घेऊन घास भरवण्याचा प्रसंग
माझ्या आयुष्यात आला नाही,
आणि झेनेबेचबाईंनी निरोपाच्या सकाळी भरवला
त्याला आता एकेचाळीस वर्षं झाली.
"गुर्शा," तो म्हणाला. हात तसाच.

खाल्ला. नाकातोंडातून पाणी आलं, मिरचीचं.

उठायला लागले तर त्यानं बस म्हणून खूण केली.
एकाच घासानं भांडण होतं म्हणतात,
हे मी विसरले होते, तो नाही.
तो दुसरा बांधू लागला,
ठेचा जरा जास्तच घालून.